दोन लाकडी मणी

१९०८ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर चार पेन्सची एक पुस्तिका विकायला आली. दर पंधरा दिवसांनी एक, असे सहा भाग. नाव ‘स्काउटिंग फॉर बॉइज’. लेखक रॉबर्ट बेडन-पॉवेल, म्हणजे बोअर युद्धातल्या मॅफेकिंगच्या वेढ्यामुळे घराघरात पोचलेला लष्करी अधिकारी. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने ब्राउनसी बेटावर वीसेक पोरांना घेऊन एक शिबिर केलं होतं. निम्मी पोरं ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली, निम्मी पूल आणि बोर्नमथमधल्या साध्या घरांतली. चार टोळ्या केल्या: लांडगे, बैल, कावळे आणि कर्ल्यू नावाचा एक पाणपक्षी. प्रयोग जमला आणि पुस्तक आलं.

इथपर्यंतची गोष्ट शाळेत स्काउटला असलेल्या प्रत्येकाला माहीत असते. मला जास्त रस आहे तो त्यानंतर झालेल्या गोंधळात. बेडन-पॉवेलची मूळ कल्पना अशी होती की बॉइज ब्रिगेडसारख्या आधीपासून चालू असलेल्या संस्था हे पुस्तक वापरतील. म्हणजे आमच्या भाषेत त्याने एक प्लगइन लिहिलं होतं. पोरांनी त्याचं थेट ऑपरेटिंग सिस्टीम करून टाकलं! पुस्तिका वाचून गल्लीगल्लीतली मुलं स्वतःच टोळ्या करून काठ्या घेऊन फिरायला लागली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की जंगलात रात्री राहायची परवानगी घरचे देत नाहीत, त्यासाठी कुणीतरी मोठं माणूस सोबत पाहिजे. मग पोरंच मोठं माणूस शोधायला निघाली. कुणी चर्चमधला तरुण पाद्री पकडला, कुणी शाळेतला मास्तर, कुणी बँकेतला कारकून. स्काउटमास्तर ही जमात अशी जन्माला आली: मुलांनी शोधलेली, आणि काय करायचं याची काहीही कल्पना नसलेली.

१९०९ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मेळावा झाला तेव्हा ११,००० च्या आसपास स्काउट जमले. त्यात मुलीही येऊन उभ्या राहिल्या, हॅट-बिट घालून, कुणी बोलावलेलं नसताना. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी गर्ल गाइड्स निघाली. म्हणजे दोन वर्षांत युजर्स हजारोंच्या घरात आणि ट्रेन्ड अ‍ॅडमिन शून्य. ज्यांनी स्टार्टअपमध्ये दिवस काढलेत त्यांना ही परिस्थिती समजावून सांगायला नको.

याचा धोका किती खरा होता? ४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनच्या वॉलवर्थ भागातली स्काउट पोरं एका शिडाच्या बोटीने केंटमधल्या शेपी बेटाकडे शिबिराला निघाली होती. लेजडाउनच्या किनाऱ्याजवळ अचानक वारा फिरला, बोट उलटली. नऊ मुलं बुडाली. बोटीत मोठी माणसं होती, त्यांनी जिवाच्या आकांताने धडपडही केली. त्यांच्या हेतूबद्दल कुणालाच शंका नव्हती. सगळं लंडन त्या अंत्ययात्रेला लोटलं. तेव्हा नौदलमंत्री असलेल्या चर्चिलने मृतदेह आणायला युद्धनौका पाठवली होती. मला या प्रसंगात सगळ्यात बोचतं ते हेच की इथे खलनायक कुणी नाही. चांगली माणसं, चांगला हेतू, रविवारची सुट्टी आणि नऊ मृत्यू. दुसऱ्याची मुलं घेऊन बाहेर पडणं म्हणजे नेमकं काय हातात घेणं, ते या एका दिवसात कळतं.

प्रशिक्षणाचे प्रयत्न तोवर सुरू झाले होते, नाही असं नाही. १९१० पासून व्याख्यानं झाली. पण व्याख्यान ऐकून तंबू उभारता येत नाही. तेवढ्यात १९१४ उजाडलं. हजारो तरुण स्काउटमास्तर खंदकांत गेले आणि त्यातले खूपसे परतलेच नाहीत. मागे पथकं चालवली ती चौदा-पंधरा वर्षांच्या टोळीनायकांनी, आणि बायकांनी. १९१६ मध्ये लहान मुलांसाठी ‘वुल्फ कब’ विभाग निघाला, त्याची घडी बसवण्यात व्हेरा बार्कली या बाईंचा मोठा वाटा होता. कब पथकाच्या मोठ्या माणसाला ‘आकेला’ म्हणतात, किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधल्या लांडग्यावरून. किपलिंग जन्मला मुंबईत, जे. जे. स्कूलच्या आवारात, त्याचा लांडगा सिवनीच्या जंगलातला, म्हणजे आपल्या नागपूरहून गाडी काढली तर दुपारच्या जेवणाला पोचू इतका जवळचा. आणि आज जगभरातली गोरी पोरं आपल्या ताईला हिंदीत ‘अकेला’ अशी हाक मारतात, अर्थ माहीत नसताना. असो.

युद्ध संपलं तेव्हा बेडन-पॉवेलकडे मुलं होती, पण मोठी माणसं नव्हती. डब्ल्यू. एफ. डी. बोइस मॅक्लॅरन नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाला पूर्व लंडनमधल्या गरीब पोरांसाठी शिबिराची जागा घेऊन द्यायची होती. त्याच्या देणगीतून १९१९ मध्ये एपिंगच्या जंगलाकडेला, चिंगफर्डजवळ, गिलवेल पार्क ही पडीक इस्टेट ७,००० पौंडांना विकत घेतली गेली. घर मोडकळीला आलेलं, बाग रानात हरवलेली. साफसफाईला ईस्ट एंडमधली तरुण पोरं आली ती ईस्टरच्या सुट्टीत. जमीन इतकी ओली की तंबू ठोकता येईना, म्हणून ती माळ्याच्या खोपटात झोपली. खोपटाला त्यांनी नाव दिलं ‘पिगस्टाय’, म्हणजे डुकरांचं खुराडं. ते खोपटं तिथे अजून जपून ठेवलंय!

८ सप्टेंबर १९१९ ला तिथे पहिला कोर्स सुरू झाला. प्रमुख होता फ्रान्सिस गिडनी, युद्धावरून परतलेला कॅप्टन. विद्यार्थी जेमतेम वीसेक, सगळे बाप्ये.

आणि इथे बेडन-पॉवेलच्या डोक्यातली खरी गंमत सुरू होते. त्याने या लोकांना वर्गात बसवलंच नाही. त्यांच्या टोळ्या केल्या, प्रत्येक टोळीला प्राण्यापक्ष्याचं नाव दिलं आणि सांगितलं की आता इथून पुढे तुम्ही मुलं. स्वतःचा तंबू स्वतः ठोका, सरपण आणा, चूल पेटवा, जे शिजेल ते खा. टोळीनायक आळीपाळीने बदलणार. म्हणजे काल ज्याने हुकूम सोडले तो आज भांडी घासणार. ऑफिसात ज्याच्या हाताखाली दहा माणसं आहेत अशा मिशीवाल्या सद्गृहस्थाला पावसात ओली लाकडं फुंकत बसवायचं, ही कल्पनाच भारी आहे. पण त्यामागे विचार होता. रात्री थंडीने झोप न लागणं म्हणजे काय, टोळीत आपलं कुणी ऐकत नाही तेव्हा कसं वाटतं, नायक आवडत्यालाच सोपं काम देतो तेव्हा किती राग येतो, हे मोठ्या माणसाला साफ विसरायला झालेलं असतं. ते त्याला पुस्तकातून आठवणार नाही.

कोर्सचे भाग तीन. एक लेखी: प्रश्नांची उत्तरं घरून लिहून पाठवायची. दुसरा हा शिबिराचा. आणि तिसरा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे परत आपल्या गावी जाऊन आपल्या पथकात काही महिने काम करून दाखवायचं, आणि ते कुणीतरी येऊन बघायचं. तिन्ही झाल्याशिवाय ‘वुड बॅज’ नाही. आजकाल दोन दिवसांच्या वर्कशॉपला सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो मिळतो. १९१९ मध्ये या लोकांना कळलं होतं की प्रॉडक्शनमध्ये चालल्याशिवाय काहीच ‘डन’ नसतं.

वुड बॅज म्हणजे चामड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी. बस्स. यश मिळालेल्यांना काय द्यावं असा प्रश्न आला तेव्हा बेडन-पॉवेलने आपल्या पेटाऱ्यातून एक लांबलचक माळ काढली. ती होती झुलू राजा दिनुझुलूची. १८८८ मध्ये इंग्रज फौज त्याच्या मागावर होती आणि बेडन-पॉवेल त्या फौजेत होता. माळ त्याच्या हाती कशी आली याच्या एकाहून जास्त कथा आहेत. राजाने ती प्रेमाने भेट दिली, ही त्यातली सगळ्यात गोड आणि मला सगळ्यात कमी पटणारी. त्या राजाला पुढे सेंट हेलेना बेटावर हद्दपार केलं गेलं, भेटवस्तू देण्याचे ते दिवस नव्हते. तर अशी ही माळ सोडवून तिचे मणी पहिल्या तुकड्यांना वाटले गेले. मूळ मणी पुरेनात तेव्हा तसेच लाकडी मणी कोरून घ्यायला लागले. सेवेचं चिन्ह म्हणून जे जगभर मिरवलं जातं, त्याच्या मुळाशी एका हरलेल्या राजाच्या गळ्यातली वस्तू आहे. हे लपवायचं कारण नाही आणि त्यावरून सगळंच मोडीत काढायचंही कारण नाही, पण माहीत असावं.

त्याच सुमाराला ‘एड्स टू स्काउटमास्टरशिप’ हे मोठ्यांसाठीचं पुस्तक आलं. त्यातला एक हिशेब मला फार आवडतो. बेडन-पॉवेल म्हणतो की मला स्वतःला सोळा मुलांपलीकडे नीट ओळखता येत नाही. तुम्ही माझ्या दुप्पट हुशार आहात असं धरू, म्हणून पथकात जास्तीत जास्त बत्तीस मुलं ठेवा. बघा, किती सभ्यपणे टपली मारलीय! स्काउटमास्तर हा मास्तर नको, कमांडिंग ऑफिसर नको, पाद्री नको; मोठा भाऊ पाहिजे, असा त्याचा सगळा रोख. लष्करात आयुष्य काढलेल्या माणसाने हे लिहावं हे विशेष.

गिडनीनंतर १९२३ मध्ये गिलवेलचा प्रमुख झाला जे. एस. विल्सन. हा कुठून आला? कलकत्त्याहून. पोलीस खात्यातला अधिकारी, नोकरी सांभाळून स्काउटचं काम करणारा. पुढची वीस वर्षं गिलवेलचा सगळा ढाचा त्याने बसवला आणि आंतरराष्ट्रीय स्काउट ब्युरोचा संचालकही तो झाला. भारतातला हौशी स्वयंसेवक जगाला शिकवायला बसला, म्हणायला छान वाटतं. पण त्या काळात भारतात हे काम कुणासाठी चालू होतं, ते बघायला हवं.

१९०९ मध्ये बंगलोरला कॅप्टन बेकरने पहिलं पथक काढलं ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. देशी मुलांना प्रवेश नाही. सरकारला धास्ती होती की या पोरांना खुणा ओळखायला, नकाशे काढायला, रानात लपायला शिकवलं तर उद्या हीच पोरं क्रांतिकारक होतील. धास्ती अगदीच अनाठायी नव्हती म्हणा. मग आपल्या लोकांनी आपली पथकं काढली. १९१३ च्या सुमारास शहाजहानपूरला श्रीराम बाजपेयी. नागपूरला वकिली करणारे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले विवियन बोस हेही सुरुवातीच्या मंडळींतले. मद्रासला अ‍ॅनी बेझंट आणि अरुंडेल यांनी इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन काढली, तिथे हॅटऐवजी फेटा आला. १९१८ मध्ये अलाहाबादला मदन मोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांची सेवा समिती स्काउट असोसिएशन. कुंभमेळ्यात हरवलेली माणसं शोधणं, गर्दी आवरणं, आजाऱ्यांना उचलून नेणं, हे त्यांचं मैदान. इंग्लंडमधल्या पोराला ‘रोज एक सत्कृत्य’ म्हणून म्हातारीला रस्ता ओलांडून द्यायचा असे. इथे एका मेळ्यात वर्षभराची सत्कृत्यं होऊन जायची.

म्हणजे इथे मोठ्या माणसाने स्काउटमास्तर होणं ही नुसती हौस नव्हती, ती एक भूमिका होती. आपल्या मुलांना कोण घडवणार, या प्रश्नाचं उत्तर होतं. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल स्वतः भारतात आला, बऱ्याच संघटना एकत्र झाल्या, देशी मुलांना दार उघडलं. सेवा समिती मात्र वेगळी राहिली. आणि १९३७ मध्ये दिल्लीच्या जांबोरीला पुन्हा आला तेव्हा त्याच माणसाने भारतीयांच्या चारित्र्याबद्दल असा काही शेरा मारला की देशभर संताप उसळला. पुढच्या वर्षी हिंदुस्तान स्काउट असोसिएशन निघाली. मोठा भाऊ व्हा म्हणून सांगणाऱ्याला आपण कुणाचे भाऊ आहोत हे शेवटपर्यंत नीट उमगलं नव्हतं, असं माझं मत.

महाराष्ट्रात याच सुमाराला दुसरा धागा विणला जात होता. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल उभं राहिलं, एस. एम. जोशी दलप्रमुख. तिथे शाखा चालवणारा तरुण स्वतःच विशी-पंचविशीचा, आणि मुलं-मुली एकत्र. त्यांनी गिलवेल पाहिलं नव्हतं. पण खेळ, गाणी आणि शिबिर यांतून नेता तयार होतो हे दोन्हीकडे सारखंच सापडलेलं दिसतं. आमच्या आधीच्या पिढीतली कितीतरी माणसं ‘मी सेवा दलातला’ असं ज्या आवाजात सांगतात तो आवाज कॉलेजचं नाव सांगताना लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला विलीनीकरण होऊन भारत स्काउट्स झालं. मौलाना आझाद, कुंझरू, मंगलदास पक्वासा, विवियन बोस ही मंडळी त्यामागे होती. १५ ऑगस्ट १९५१ ला गाइड्स येऊन मिळाल्या. प्रशिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र झालं पचमढीला. आणि आपल्याकडच्या वुड बॅजला नाव मिळालं ‘हिमालय वुड बॅज’. हे नाव मला गिलवेलपेक्षा जास्त आवडतं.

आता जो भाग लिहायला जड जातो तो. मुलांजवळ जाण्याची मोकळीक ज्या जागी मिळते तिथे चांगली माणसं येतात, तशी वाईटही येतात. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सकडे १९२० च्या दशकापासून ‘अपात्र स्वयंसेवकां’च्या फाइल्स होत्या. मुलांना त्रास दिल्याचा संशय असलेल्यांची नावं त्यांत असत, म्हणजे तो माणूस दुसऱ्या गावी पुन्हा नाव नोंदवायला आला तर कळावं. कल्पना योग्य होती. पण फाइल्स कपाटात राहिल्या. कित्येकदा पोलिसांना कळवलंच नाही, आईबापांना सांगितलं नाही, आणि काही जण पुन्हा आतही शिरले. २०१२ मध्ये ओरेगनच्या न्यायालयाच्या आदेशाने १९६५ ते १९८५ या काळातल्या १,२०० हून जास्त फाइल्स खुल्या झाल्या. २०२० च्या फेब्रुवारीत संघटनेने दिवाळखोरी जाहीर केली. त्या प्रकरणात ८२,००० हून अधिक लोकांनी दावे दाखल केले. भरपाईची योजना ठरली ती २४६ कोटी डॉलर्सची.

८२,००० हा आकडा मी दोनदा वाचला. वानखेडे स्टेडियम अडीच वेळा भरेल. लॉग व्यवस्थित लिहिला जात होता, अलर्ट कुणी लावला नव्हता. आणि इथे डाउन झालेला सर्व्हर नव्हता, मुलं होती.

लेजडाउनच्या बोटीत जे नव्हतं ते कौशल्य शिबिरात शिकवता येतं. हे मात्र शिबिरात सापडत नाही. उत्तम तंबू ठोकणारा, गाणी म्हणणारा, मुलांचा लाडका दादा, दोन मणी गळ्यात घातलेला माणूससुद्धा वाईट निघू शकतो. म्हणून नंतरचे नियम माणसाच्या चांगुलपणावर विसंबत नाहीत. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नियम आला की प्रत्येक कार्यक्रमाला किमान दोन प्रौढ हवेतच, आणि कुणीही मुलाबरोबर एकटं राहायचं नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक प्रौढाला खिशात ठेवायला एक पिवळं कार्ड असतं, काय करायचं आणि काय नाही याचं. पोलीस रेकॉर्ड तपासल्याशिवाय काम मिळत नाही. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि त्याखाली असा प्रकार कळूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. कुणी म्हणतं, यामुळे सहजपणा गेला, प्रत्येकाकडे संशयाने बघणं आलं. मला नाही पटत. आपण रोज आपल्याच टीममधल्या मित्राचा कोड रिव्ह्यू करतो, तो चोर आहे म्हणून नव्हे. जो खरंच मुलांसाठी आलाय त्याला दुसरा माणूस शेजारी असल्याचा त्रास होत नाही. ज्याला होतो, त्याला विचारावं का ते.

आपल्याकडे अडचण जरा निराळी आहे. इथे बहुतेक पथकं शाळेची आणि स्काउट मास्तर म्हणजे शाळेतलेच सर. त्यातले काही जातिवंत असतात, त्यांच्या पोरांना चाळिशीत पण गाठी बांधता येतात. पण बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापक नव्या शिक्षकाकडे बोट दाखवतात, ‘यंदा स्काउट तुमच्याकडे’, आणि निवडणुकीच्या ड्यूटीइतक्याच उत्साहाने तो ते घेतो. १९०८ ची पोरं स्वतः मोठं माणूस शोधायला निघाली होती, तो भाग आपल्याकडे यायचा राहिलाच. शाळेबाहेरची खुली पथकं आहेत, नाहीत असं नाही, आणि तिथे शिक्षक नसलेल्या माणसालाही जागा असते. आधी बेसिक कोर्स, मग काही काळ पथकात काम, मग अ‍ॅडव्हान्स्ड, पुन्हा काम, मग हिमालय वुड बॅज. कब, स्काउट, रोव्हर, बुलबुल, गाइड, रेंजर, प्रत्येक वयोगटाचा कोर्स वेगळा. शिकवणाऱ्यांच्या गळ्यात तीन किंवा चार मणी असतात.

म्हणजे दोन-तीन वर्षांचे शनिवार-रविवार गेले म्हणून समजा. पहिल्या शिबिरात भांडी घासायची पाळी बहुतेक दुसऱ्याच दिवशी येते.